आधी कायदा वाच, मग रागाव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संसदेने 2023 साली घटनादुरुस्ती करून लोकसभा-विधानसभांतले महिला आरक्षण मंजूर केले, सभागृहात बाके वाजली, आणि 2024च्या लोकसभा निवडणुकीत त्यानुसार एकही जागा राखीव झाली नाही. म्हणून संसद आणि मतदान हा सगळा देखावा आहे, असे तू लिहितेस. राग समजतो. निष्कर्ष मात्र मान्य नाही, कारण तू ती दुरुस्ती वाचलेलीच नाहीस.

या 106 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत 334-अ हे कलम घातले. दुरुस्ती अंमलात आल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध व्हावेत, त्यावरून मतदारसंघांची पुनर्रचना व्हावी आणि मगच आरक्षण लागू व्हावे, असे त्यात स्वच्छ छापले आहे. दुरुस्ती अंमलात येण्याची तारीखही केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ठरवायची होती. ही अट अन्यायाची वाटत असेल तर अवश्य भांड. पण फसवणूक झाली असे म्हणू नकोस, कारण अट कोणी लपवली नव्हती. तक्रारच करायची तर 19 सप्टेंबरला मांडलेले विधेयक 21 तारखेला राज्यसभेतही मंजूर झाले, त्या घाईची कर, आणि ती आपल्या खासदाराकडे कर.

तुझी आई ग्रामपंचायतीत निवडून आली तीही घटनादुरुस्तीमुळेच. 73 वी दुरुस्ती 1993 मध्ये अंमलात आली, तिने पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या; महाराष्ट्राने 2011 मध्ये ते प्रमाण वाढवून एकूण जागांच्या निम्मे केले. आईला विचार, तिने कोणते कलम वाचले होते. बहुधा एकही नाही, आणि म्हणूनच ग्रामसेवक पुढे करील त्या ठरावावर सही करण्याची पाळी आपल्या सदस्यांवर येते.

कलम 51-अ मध्ये नागरिकांची अकरा मूलभूत कर्तव्ये आहेत. त्यांत मतदान नाही, कर भरणे नाही, आणि कायदा वाचणे तर नाहीच. माझ्या मते ते पहिले असायला हवे होते. संसद कायद्याचा सांगाडा करते. अर्ज कोणाकडे, मुदत किती, दाखले कोणते, हे पुष्कळदा मंत्रालय नियमांनी ठरवते. नियमांचा मसुदा निघतो तेव्हा बारीक अक्षरात 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. ती मुदत आपण झोपेत घालवतो आणि नियम लागू झाले की चौकात घोषणा देतो.

माझ्या पिढीतले मित्र मोर्चांत होते तेव्हा मी राजपत्र वाचत बसे, आणि ते मला भित्रा म्हणत. म्हणोत. त्यांच्या निवेदनांतली कलमे दुरुस्त करायला रात्री ते माझ्याकडेच येत. खंत एवढीच, की त्यांच्यातल्या एकालाही स्वतः वाचायची सवय मी लावू शकलो नाही. तुझ्यावर चिडतो आहे तो त्यामुळेच.

आता एक काम कर. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला माहिती अधिकारात अर्ज लिही. फी दहा रुपये, आणि अर्ज मराठीत चालतो. 'आरक्षण का दिले नाही' असे विचारू नकोस. 'का'ला उत्तर देण्यास तो बांधील नाही. 106 वी घटनादुरुस्ती अंमलात आणणारी अधिसूचना निघाली असल्यास तिची प्रत मिळावी, एवढेच माग. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील कर. केंद्राकडे त्याला फी पडत नाही. पाठवण्यापूर्वी मसुदा मला दाखव.

तुझा,
काका