सासरे हॉटेलात ताटातच हात धुतात. हे असभ्य आहे का? त्यांना न दुखावता कसं सांगावं?

असभ्य आहे. घरी नव्हे, पण हॉटेलात नक्कीच. सासरे सत्तरीचे, गावाकडचे, आयुष्यभर तसंच करत आलेले, आणि नवरा म्हणतो दुर्लक्ष कर, असं तुम्ही लिहिलंय. ते सगळं खरं धरूनही माझं उत्तर बदलत नाही, कारण मी ताट उचलणाऱ्यांच्या बाजूची आहे.

मिरजेत माझ्या आईची खानावळ होती. मिरज दवाखान्यांचं गाव. पेशंटबरोबर आलेले नातेवाईक, कर्नाटकातून आलेली कुटुंबं, महिन्याचे मेंबर असलेली कॉलेजची पोरं, सगळे जेवायला यायचे. शाळा सुटली की मी आणि धाकटा भाऊ ताटं उचलायचो. नुसतं खरकटं असेल तर पाच-सहा ताटं एकावर एक रचून एका खेपेत मोरीवर जातात. हात धुतलेलं पाणी असलेलं ताट रचता येत नाही. ते दोन्ही हातांनी, तोल सांभाळत, एकटंच न्यावं लागतं. त्यात रश्शाचा तवंग, फुगलेली शितं आणि त्या माणसाने चूळही तिथेच टाकली असेल तर तीही. जरा कलंडलं की सगळं मनगटावरून कोपरापर्यंत येतं. ताटात उरलेली भाकरी, भात आई वेगळ्या बादलीत काढायची, शेजारच्या गोठ्यात जायचं. पाणी ओतलेल्या ताटातलं काहीच वेचता यायचं नाही. आईने भिंतीवर पाटी लावली होती, 'ताटात हात धुवू नये'. त्याच पाटीखाली बसून लोक धुवायचे.

आता आमच्या थोरल्या भाऊजींचं सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचून मला तेच आठवले. पुतण्याला नोकरी लागली म्हणून सगळं कुटुंब कोल्हापुरात मटण थाळी खायला गेलो होतो. बेसिन टेबलापासून चार पावलांवर, स्वच्छ, साबण ठेवलेला. भाऊजींनी जेवण झाल्यावर अख्खा पेला ताटात ओतला, हात खळखळून धुतले, चूळ भरली आणि तीही ताटात सोडली. वेटर विशीतला मुलगा होता. त्याने ताट उचललं, पांढऱ्या रश्शाची वाटी घसरली आणि पाणी त्याच्या बाहीवर सांडलं. दोन थेंब भाऊजींच्या पँटवर उडाले. भाऊजी त्याच्यावर ओरडले, "डोळे फुटले का तुझे?" तो मुलगा 'सॉरी साहेब, सॉरी साहेब' म्हणत फडकं घेऊन वाकला. आमच्या टेबलावरचं कुणी काही बोलेना. मी म्हणाले, "भाऊजी, त्याची चूक नाही. पाणी तुम्ही ओतलंत." जाऊबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला, पण तोवर बोलून झालं होतं.

तेव्हापासून घरात मी 'मोठ्यांना मॅनर्स शिकवणारी' आहे. भाऊजींचं म्हणणं दोन गोष्टींचं. एक, आपण पैसे मोजतो. दोन, ही आपली परंपरा आहे.

पैसे जेवणाचे आणि वाढण्याचे असतात. आपली चूळ दुसऱ्याने हातात धरून न्यावी याचे कुणी पैसे घेत नाही आणि कुणी देतही नाही. परंपरेचं म्हणाल तर पंगतीत पत्रावळ असायची, ती जेवणानंतर टाकूनच द्यायची, तिच्यात पाणी पडलं काय आणि न पडलं काय. घरात नळ, बेसिन नव्हतं, खरकटा हात घेऊन घरभर फिरू नये म्हणून माणूस आपल्याच ताटात हात धुवायचा. आणि ते ताट उचलायची घरातली बाई, तिला कुणी विचारलं नाही, हेही त्याच परंपरेत आहे. उत्तरापोशन म्हणजे जेवण संपताना तळहातावर पाणी घेऊन घोट घेणं, ताटात पेला उपडा करणं नव्हे. माझे आजोबा रोज जेवणाआधी ताटाशेजारी भाताची शितं ठेवून चित्राहुती घालणारे, कडक सोवळ्याचे. तेही आंचवायला उठून मागच्या दारी जायचे.

आणखी एक, ज्यावर कुणी भांडत नाही. जेवल्यावर हात सगळेच धुतात, कारण ते तेलकट असतात. जेवणाआधी किती जण उठतात? एस.टी.चा दांडा, नोटा, मोबाइल, सगळं हाताळून तीच बोटं भाकरीला. साबण लावून निदान 20 सेकंद चोळायचे हात ते तेव्हा. 2008 पासून 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिवस होतो, शाळेतल्या मुलांना ते पाठ असतं, त्यांना जेवायला नेणाऱ्या बापांना नसतं. लिंबाच्या फोडीचं कोमट पाणी येतं ते फक्त बोटांची टोकं बुडवायला. त्याने तेल आणि वास कमी होतो, पण ते साबणाची जागा घेत नाही. मधल्या भाजीचा डावही उजव्या, खरकट्या हाताने धरू नये, डाव्याने धरावा. हे आपल्याकडे घरोघर शिकवतात आणि हॉटेलात शिरताच विसरतात.

सासऱ्यांना सांगायचं तर ताटात पाणी ओतताना, चारचौघांत सांगू नका. तुमचं जेवण त्यांच्याबरोबर संपवा आणि "बाबा, चला, हात धुवून येऊ" म्हणून उठा. नाहीतर नवऱ्याला सांगायला लावा. वडील त्याचे आहेत, दुर्लक्ष करण्याचा सल्ला त्याने बायकोला देऊ नये.

गुडघे धरलेले असतील, अर्धांगाचा त्रास असेल, तर अर्थातच उठायला लावू नका. वेगळं भांडं मागा, बहुतेक ठिकाणी देतात. बेसिन तुंबलेलं असेल, साबण नसेल, तर दोष हॉटेलवाल्याचा, तो गल्ल्यावर जाऊन सांगा. तुमच्या सासऱ्यांना कदाचित कुणी कधी सांगितलंच नसेल, तेही मी समजू शकते.

भाऊजींना सांगून झालंय. ते साठीच्या आतले आहेत, रोज सकाळी फिरायला जातात. पुढच्या महिन्यात त्यांच्याच मुलीचं डोहाळजेवण हॉटेलात आहे. ताटात पाणी पडलं तर मी पुन्हा बोलणार आहे.