पूर्वेच्या मोठ्या सरकत्या खिडकीला आतून काळं विनाइल लावलं तर काच तडकेल का?

प्रश्न थोडक्यात असा: तुमची नाईट शिफ्ट आहे आणि सकाळी आठला झोपता. पुण्यातल्या फ्लॅटच्या बेडरूमला पूर्वेकडे 7 बाय 5 फुटांची दोन पल्ल्यांची अॅल्युमिनियम खिडकी आहे. अंधारासाठी फ्लेक्सवाल्याकडचं काळं विनाइल स्वतः चिकटवायचंय.

काच साधी, म्हणजे टफन (तापवून झटकन गार करून मजबूत) न केलेली असेल, तर थेट काळं विनाइल लावू नका. काच टफन असेल तर ती या उष्णतेने तडकण्याची भीती जवळजवळ नाही. मग प्रश्न उरतो तो फक्त खोली तापण्याचा.

आधी काच ओळखा. टफन काचेच्या एखाद्या कोपऱ्यात बहुधा न पुसला जाणारा बारीक शिक्का असतो, बऱ्याचदा आयएस 2553 या मानकाच्या क्रमांकासह. शिक्का बीडिंगखाली, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या कडेच्या पट्टीखाली, गेला असेल तर पोलराइज्ड गॉगल घालून मोकळ्या आकाशाच्या उजेडात काचेकडे तिरकं पाहा. टफन काचेत पुसट ठिपके किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेत काही दिसत नाही. दोन्ही पल्ले तपासा, कारण फुटलेल्या पल्ल्यात नंतर साधी काच बसवलेली असू शकते.

आता साधी काच का तडकते ते पाहू. सकाळी कोवळं पण थेट समोरून येणारं ऊन उभ्या काचेवर साधारण 700 वॅट प्रति चौरस मीटर इतकी उष्णता टाकू शकतं. 5 मिमीची पारदर्शक काच त्यातलं जेमतेम 15 टक्के शोषते आणि हवेपेक्षा चार-पाच अंशांनी तापते. मागे काळं विनाइल लावलं की काच आणि विनाइल मिळून 85 टक्क्यांच्या आसपास शोषतात. वारा मंद असेल तर काचेचा मधला भाग हवेपेक्षा सुमारे 30 अंशांनी वर जातो. पण काचेची कड 10-12 मिमी रबराखाली, चौकटीत लपलेली असते. तिला ऊन लागत नाही आणि चौकट रात्रभराची गार असते. मधली काच प्रसरण पावू पाहते, कड तिला रोखते आणि स्वतः ताणली जाते. मध्य आणि कड यांतल्या फरकाच्या दर अंशामागे कडेवर साधारण 0.6 मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण येतो. स्वच्छ कापलेली साधी काच 40 अंशांपर्यंतचा फरक सहसा झेलते. पण कापताना किंवा बसवताना कडेचा नखाएवढा टवका उडाला असेल, तर त्याहून बऱ्याच कमी फरकातही तिथून तडा सुटतो. टफन काच मात्र 200 अंशांच्या आसपासचा फरक सहन करते. लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दोन काचा, ‘सेफ्टी’ म्हणून विकली जाते, पण तिचे दोन्ही थर बहुधा साधेच असतात. तिलाही हाच नियम लावा. आत तारेची जाळी असलेल्या काचेला तर काळं काही लावूच नका.

उष्णतेचा तडा ओळखता येतो. तो कडेपासून बरोबर काटकोनात निघतो, काही सेंटीमीटर सरळ जातो आणि मग वाकडातिकडा फिरतो. दगड लागून गेलेला तडा एका बिंदूतून चांदणीसारखा फुटतो.

धोक्याचा महिना बहुतेकांना मे वाटतो. पूर्वेच्या खिडकीसाठी तो डिसेंबर-जानेवारी आहे. रात्री पारा 8-10 अंशांवर, चौकट थंडगार आणि सकाळी स्वच्छ आकाशातून ऊन थेट काचेवर. मेमध्ये चौकट रात्रीही कोमट राहते, त्यामुळे कड आणि मध्य यांतला फरक कमी पडतो. दक्षिणेच्या खिडकीत तर हे आणखी ठळक दिसतं. पुण्यात मेच्या मध्यात शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारचा सूर्य डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या काचेला ऊन जवळपास मिळतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी जेमतेम 48 अंश उंचीवर असतो. म्हणून उन्हाळ्यात लावलेलं विनाइल तीन-चार महिने टिकलं, यावरून काच वाचली असं समजू नका.

छज्जाची तिरकी सावली अर्ध्या काचेवर पडत असेल तर ताण वाढतो. विनाइल अर्ध्या काचेला लावलं तरी तेच होतं. एसीचा झोत काचेवर येत असेल किंवा जाड पडदा काचेला चिकटून असेल तरी धोका वाढतो. सरकवलेले दोन्ही पल्ले एकमेकांमागे ठेवले तर मधली हवा कोंडते, म्हणून उन्हाच्या वेळी खिडकी त्या स्थितीत ठेवू नका.

‘ब्लॅकआउट’ विनाइल पांढरं असतं म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण त्याची चिकट बाजू करडी किंवा काळी असते. आतून लावलं की सूर्याला तीच बाजू दिसते. दुकानात कागद सोलून मागची बाजू पाहा. साध्या काचेला विनाइलच हवं असेल, तर पारदर्शक गोंदाचं साधं पांढरं विनाइल आधी लावा आणि त्यावर काळं. पांढरा थर बरंचसं ऊन परत बाहेर फेकतो, अंधार काळा थर देतो. धोका शून्य होत नाही, पण बराच उतरतो. त्याआधी बीडिंग काढून कडा पाहा. टवका दिसला तर हा बेत सोडा.

तुमच्या मापाला 4 फुटी रोल पुरतो. प्रत्येक पल्ल्याला 5 फूट 3 इंच धरा, म्हणजे एका थराला साडेदहा फूट, दोन थरांना 21 फूट. काम संध्याकाळी करा. तापलेल्या काचेवर साबणाचं पाणी लगेच सुकतं आणि विनाइल भलत्या जागी पकडतं. एक लिटर पाण्यात अर्धा चमचा बेबी शाम्पू घाला. काच दोनदा धुवा, कोपऱ्यांतली धूळ ब्रशने काढा. काच आणि गोंद दोन्ही भिजवा, विनाइल सरकवून बसवा आणि स्क्वीजीने (रबरी पात्याच्या वायपरने) मधून कडांकडे पाणी काढा. कडेला 2-3 मिमी फट ठेवा. जादा भाग कापताना कटर काचेवर दाबू नका. कटर आणि काच यांच्यामध्ये पट्टी धरा किंवा विनाइल आधीच मापात कापून घ्या. कडेजवळचा ओरखडा हीच पुढे तडा सुटण्याची जागा होते. दुसरा थर दोन-तीन दिवसांनी लावा.

पण अंधार आणि गारवा दोन्ही हवे असतील, तर माझं मत स्पष्टपणे पडद्याच्या बाजूचं आहे. शोषलेल्या उष्णतेचा मोठा भाग खोलीतच येतो. काळ्या विनाइलची काच म्हणजे झोपेच्या वेळी चालू असलेला हीटर. बाहेरच्या ग्रिलला पूर्ण खिडकी झाकेल अशी बांबूची चिक लावा, म्हणजे ऊन काचेपर्यंत येणार नाही. आतून ब्लॅकआउट पडदा लावा, ज्याची काचेकडची बाजू पांढरी असेल. रॉड भिंतीपासून 8-10 सेंमी पुढे आणि पडदा दोन्ही बाजूंना 15 सेंमी जास्त रुंद ठेवला तर उजेडाच्या फटी बंद होतात आणि काचेमागची हवाही खेळती राहते.

विनाइल आधीच लावलं असेल तर ते काढताना हीट गन एका जागी धरू नका. गार काच तेवढ्यानेही तडकते. हेअर ड्रायर लांबून, सगळीकडे फिरवत वापरा. उन्हात वर्ष-दोन वर्षं राहिलेलं स्वस्त विनाइल कडक होऊन तुकड्यांत निघतं. उरलेला गोंद रॉकेलने सुटतो. मात्र रॉकेल लावताना जवळ ज्योत नको.

तडा दिसलाच तर पल्ला सरकवू नका. आतून तड्यावर आडव्या-उभ्या रुंद चिकटपट्ट्या लावा, खालची जागा मोकळी करायला सोसायटीला सांगा आणि काच त्याच दिवशी काढून घ्या. नवी बसवताना टफनच मागा. ती टफन केल्यावर कापता येत नाही, म्हणून माप दोनदा घ्या.