कंबर सारखीच, मग धोका मलाच का?

प्रश्न : मी ४९ वर्षांची, कोथरूडला राहते. यजमान ५३ वर्षांचे. दोघांची तपासणी एकाच दिवशी झाली. माझी कंबर ८८ सेंमी, त्यांची ८९. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, दोघांचंही ४४. तरी डॉक्टर मला म्हणाले, ‘जपायला हवं’ आणि त्यांना ‘ठीक आहे’. माझी उपाशीपोटीची साखर १०४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १६८. वर्षभरापूर्वी पाळी थांबली. गरोदरपणी साखर वाढली होती, पण बाळंतपणानंतर उतरली. मी संकष्टीचा उपासही करते.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. आपल्याकडे कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमी धरतात. एचडीएल पुरुषांत ४०च्या आणि बायकांत ५०च्या खाली गेलं तर कमी. म्हणून तोच ४४ आकडा त्यांना चालतो, तुम्हाला नाही. ट्रायग्लिसराइड १५०, उपाशीपोटीची साखर १०० आणि रक्तदाब १३०/८५ या रेषा मात्र दोघांना सारख्याच. या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारी अवस्था, म्हणतात. रक्तदाब न मोजताच तुमचे चार झाले.

तुम्ही एकट्या नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच कंबर मोजली गेली. पोटाचा स्थूलपणा सुमारे ४० टक्के बायकांत आढळला आणि पुरुषांत १२ टक्के. वेगळी मर्यादा हे त्याचं एक कारण आहेच. पण वजन-उंचीच्या हिशोबात, म्हणजे बीएमआयनुसार, जास्त वजनाच्या स्त्री-पुरुषांच्या प्रमाणातला फरक जेमतेम एका टक्क्याचा होता. म्हणजे नुसत्या वजनकाट्यावर विसंबलो, तर या बायका आपल्याला दिसतच नाहीत. मला याचीच जास्त काळजी वाटते.

पाळी सुरू असते तोवर इस्ट्रोजेनमुळे चरबी बहुतेक मांड्या-नितंबांवर साठते. पाळी थांबली की ती पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. तिथली चरबी यकृताला जास्त त्रास देते. शिवाय मधुमेह झालाच, तर हृदयविकाराचा धोका पुरुषांपेक्षा बायकांत जास्त पटीने वाढतो. गरोदरपणातली साखर उतरली म्हणून तो विषय संपला, असं अजिबात समजू नका. अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि हा इतिहास तुमच्या आजच्या डॉक्टरांना माहीत असायलाच हवा.

यजमानांनीही निर्धास्त राहू नये, ते रेषेपासून एकाच सेंटिमीटरवर आहेत. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्याशी केली. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणजे बीएमआय ठीक असला तरी अंगात चरबी जास्त असू शकते.

आता काय करायचं? साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपास करायचाच, तर दाणे, दही, राजगिरा आणि थोडं फळ घ्या. वेताळ टेकडीवर जायला यजमानांना वेळ मिळतो आणि तुम्हाला नाही, असं असेल तर डबे दोघांनी मिळून करा आणि मग दोघंही जा. चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायामही हवा, अगदी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस केली तरी चालेल. कंबर मोजाल ती परकराच्या नाडीपाशी नको. खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून मोजा. डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा बाळंतपणाची जुनी फाइल सोबत न्या, रक्तदाब मोजून घ्या आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करायचं का, ते विचारा.