तुमचे प्रश्न, माझा ठेका

मागच्या अंकात मी हलगी-संबळ आणि जाझचा ड्रम सेट एकत्र कसा वाजवतो यावर लिहिलं होतं. पत्रं बरीच आली. काहींनी नुसत्याच शिव्या घातल्यात, त्या संपादकांच्या खणात जपून आहेत. बाकीच्यांतली पाच घेतो. नावं छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून गावांवर भागवतो.

आमच्या कट्ट्यावर पैज लागलीय, चहाची. एक जण म्हणतो जाझमधला तालवादक त्रिलोक गुर्टू आपल्या बेळगावचा, दुसरा म्हणतो मुंबईचा. खरं काय? आणि तो बादलीतल्या पाण्यात झांज बुडवतो, याला वादन म्हणायचे का? – निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

गुरुजी, चहा दोघांनी वाटून पाजावा. त्रिलोकचा जन्म मुंबईचा, १९५१ सालचा. खरं त्याची आई म्हणजे ठुमरीच्या शोभा गुर्टू, त्या बेळगावच्या. जन्म १९२५चा, माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी होत्या आणि गाणं अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. शोभाताईंचं सासरही बेळगावचंच. सासरे नारायणनाथ गुर्टू इथं पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि घरी सतार वाजवायचे. म्हणजे आजोळ आणि आजोबा, दोन्हीकडून आपला हक्क पोहोचतो. मी तर बाहेरगावी बेधडक सांगतो.

आता बादली. हा माणूस लहानपणी तबला शिकला, ड्रम सेटवर नंतर आला. सत्तरच्या दशकात युरोपात गेला आणि तिथं डॉन चेरीसारख्या ट्रम्पेटवाल्याबरोबर वाजवू लागला. ओरेगॉन नावाच्या अमेरिकन चौकडीत कॉलिन वॉलकॉट हा वादक तबला आणि सतार वाजवायचा. १९८४ साली तो मोटार अपघातात गेला आणि पुढे त्या जागेवर त्रिलोक बसला. त्यानंतर गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिनच्या त्रयीत गेला. त्यांचं १९८९ सालचं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधलं रेकॉर्डिंग मिळवून ऐका. गिटार, बास आणि हा, तिघंच. स्टुलावर न बसता जमिनीलगत बसतो, एका हाताशी तबला, दुसऱ्या हाताशी स्नेअर ड्रम. १९८८च्या त्याच्या स्वतःच्या पहिल्या आल्बमवर तर शोभाताईच गायल्यात. त्या काळी किती जणांच्या आईनं मुलाच्या जाझमध्ये आवाज दिला असता, सांगा बघू.

बादलीत होतं असं : तुम्ही थाळी किंवा झांज वाजवली की तिचा सूर ठरलेला, तो हलत नाही. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबून आपण सूर सरकवतो, म्हणजे मींड काढतो, ती धातूवर निघत नाही. वाजती थाळी पाण्यात उतरवली की पाण्याचा भार पत्र्यावर येतो, कंप मंदावतात आणि सूर सरकत खाली येतो. आली की मींड! ठुमरीच्या घरात वाढलेला वादक हे करत बसला, यात मला तरी नवल वाटत नाही. वादनच आहे ते, गुरुजी. गंमत म्हणून करणारेही पुष्कळ निघाले, त्यांचं सोडा.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ड्रम वाजवतो. कॉलेज सोडून फ्यूजन करणार म्हणतो. त्याचे वडील त्याच्याशी बोलायचे बंद झालेत. तुम्हीच सांगा, यात पोट भरतं का? – एक आई, निपाणी

ताई, भरतं. खरं जाझनं भरत नाही, आणि हे त्याला माझ्या नावानं सांगा.

माझं वर्ष कसं जातं ते सांगतो. वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुका, मग गणपती. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा. डिसेंबरात गोव्याच्या हॉटेलांत, तिथं जेवणाऱ्यांना ऐकू जाईल न जाईल इतपत हळू वाजवायचे पैसे मिळतात, आणि ते सोपं नसतं. वर्षभर संध्याकाळी शिकवण्या. मधूनमधून कुणाच्या भक्तिगीताचं, कुणाच्या जाहिरातीचं रेकॉर्डिंग. मागच्या अंकात तुम्ही वाचलंत ते हलगी आणि जाझचं काम या सगळ्याच्या फटीत बसतं. त्यावर माझं घर चालत नाही, त्याच्यामुळे मी माणसांत राहतो एवढं खरं.

मुंबईच्या जुन्या जाझचा इतिहास बघा. तो बहुतांशी गोवेकरांनी वाजवला. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवायचे. तीच पोरं मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवू लागली आणि तिथूनच सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत गेली, कारण समोर कागद ठेवला की वाजवता यायचं. पोट वाचण्यावर भरलं, जाझ त्यांनी हौसेनं वाजवला. तुमचा मुलगा वाचतो का? यूट्यूब बघून वाजवणारा आणि कागद बघून वाजवणारा यांच्या मानधनात मी स्वतः फरक बघतो.

माझा सल्ला असा. या वर्षी कॉलेज सोडू नये. उरलेल्या दोन वर्षांत त्यानं नोटेशन पक्कं करावं. एक लोकवाद्य माणसाकडून शिकावं, ते कुठलंही असो. तुमच्या भागात ढोल आहे, हलगी आहे, करडी आहे, माणूस शोधायला चिकोडीच्या पलीकडे जावं लागणार नाही. आणि एकादशीला कुठल्याही भजनी मंडळात रात्रभर बसून साथ करावी. पहाटे तीनला गाणारे पेंगायला लागतात तेव्हा ठेका जागेवर ठेवणारा लागतो. ते त्याला जमलं आणि आवडलं, तर पदवी हातात घेऊन जाऊ दे की. चेन्नईला ए. आर. रहमाननं २००८ साली काढलेली केएम कॉन्झर्व्हेटरी ही संगीतशाळा आहे. तबल्याकडे वळायचं असेल तर धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचं संगीत महाविद्यालय आहे. नाही जमलं, तर इंजिनिअर होऊन रविवारी वाजवेल. माझ्या वादकांत असे दोघं आहेत आणि तालमीला वेळेवर येतात ते हेच दोघं.

वडिलांचं म्हणाल, तर माझ्याही वडिलांनी अबोला धरला होता. पहिला बरा कार्यक्रम करून आलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “किती दिले?” आकडा ऐकून चहा टाकायला सांगितला. तेव्हापासून बोलायला लागले.

मी तबल्यात विशारद आहे. आता ड्रम सेट घेतलाय. बाकी सगळं जमतं, खरं स्विंग, म्हणजे जाझची ती झुलती लय, अंगात येत नाही. बँडमधले म्हणतात, तुझं जाझ भजनासारखं ऐकू येतं. – विद्यार्थिनी, खानापूर

भजनासारखं म्हणाले तर आधी आभार मान. त्यांच्यापैकी एकालाही रात्रभर भजनाची साथ जमायची नाही.

आता कामाचं. तुला तिस्र जातीचे, म्हणजे मात्रेचे तीन भाग करणारे, बोल येतात, तेवढं पुरे. चार मात्रा धर आणि प्रत्येक मात्रेत म्हण ‘तकिट’. तोंडानं चारही मात्रा सारख्या चालू ठेव. उजव्या हातानं राइडवर, म्हणजे ड्रम सेटच्या मोठ्या झांजेवर, पहिल्या मात्रेला फक्त ‘त’ वाजव. दुसरीला ‘त’ आणि ‘ट’, मधला ‘कि’ गिळून टाक. तिसरीला पुन्हा फक्त ‘त’. चौथीला ‘त’ आणि ‘ट’. झाला स्विंगचा ठेका. डावा पाय हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटायच्या झांजांच्या जोडीवर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. गिळलेला ‘कि’ आत जिवंत राहिला पाहिजे, तो मेला की चाल लंगडते. लय चढली की मात्र हे तीन भाग ताणून बसवू नकोस. जलद लयीत दोन टोले सरळ होत जातात, मोठमोठे ड्रमरही तसंच वाजवतात.

तुझी खरी अडचण दुसरीकडे असणार, आणि ती सगळ्या तबलजींची असते. आपल्याला समेवर यायची ओढ. पहिल्या मात्रेला आपण असा काही ठोका देतो की जणू पाहुणे आले! जाझमध्ये वजन दोन आणि चारवर असतं, आणि सम फार लांब असते. नेहमीची बत्तीस बारची चीज घे, चार मात्रांचा बार. म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन झालं. ब्लूजचं बारा बारचं, ४८ मात्रांचं. तू सोलो तबला वाजवतेस तेव्हा लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवणारी ती फिरती धून, कोण धरतं? हार्मोनियमवाला. इथं लेहरा कुणीच धरत नाही. मूळ चाल तुझ्या डोक्यात चालू राहायला हवी, वर सॅक्सोफोन वाटेल तिकडे जाऊ दे. म्हणून आधी चीज गुणगुणायला शीक, शब्दांसकट असली तर उत्तमच. मग वाजव. चार-चार बारची देवाणघेवाण सुरू झाली की तुला एकदम घरी आल्यासारखं वाटेल, कारण ते आपलं सवाल-जवाबच आहे. तिथं तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा, टाक. फक्त ती समेवर आदळू नकोस, एखादी चौथ्या मात्रेवर संपवून बघ. बँडमधल्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

लय मोजणारा मेट्रोनोम लावशील तेव्हा त्याचा टिकटिकाट एक आणि तीनवर न धरता दोन आणि चारवर धर. पहिले काही दिवस वैताग येईल.

पावसाळ्यात हलगीचा आवाजच बसतो. फायबरची घेऊ का? – उचगाव

मिरवणुकीत घे, भिजली तरी काही बिघडत नाही. माइकसमोर नको, पत्रा वाजल्यासारखं येतं. कातड्याची हलगी असेल तर कागद किंवा पाचट पेटवून लांबून शेक. गॅसच्या शेगडीवर धरायची नाही, कड जळते आणि कातडं तिथूनच फाटतं. अमेरिकेतले जाझवालेही १९५०च्या दशकापर्यंत वासराच्या कातड्यावरच वाजवायचे आणि ओल्या हवेत तुझ्यासारखेच वैतागायचे. प्लॅस्टिकचं पान त्यानंतर आलं. तेव्हा लाजायचं कारण नाही.

आमचं घराणं हलगीवाल्यांचं. एका शहरातल्या बँडनं बोलावलं, दोन दिवस वाजवून घेतलं, हातात थोडे पैसे दिले. गाणं आलं तर त्यात माझं नाव नाही, ‘फोक पर्कशन’ एवढंच. आणि माझी हलगी मलाच ओळखू येईना, सपाट वाटते. आता पुन्हा बोलावताहेत. सोबत एखादा चौंडकंवालाही घेऊन ये म्हणताहेत. जाऊ का? – संकेश्वरजवळचा एक वाचक

भावा, जा. मात्र या खेपेला मोकळ्या हातानं जायचं नाही.

हलगी वाजवणाऱ्याला गावात कुठं उभं करायचे, हे तुला मी सांगायला नको. मयताला आणि जत्रेला तूच लागायचास, ताटावर मात्र वेगळा. आता तीच हलगी स्टेजच्या मधोमध आलीय आणि नाव पुन्हा गायब. हे मला सहन होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात वादक हाही परफॉर्मर धरलाय. २०१२च्या दुरुस्तीनं त्यात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. तुझ्या वादनाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीवर तुझा हक्क, आणि वादक म्हणून तुझं नाव लावून घ्यायचाही हक्क. तुझं वादन वापरू द्यायचा हक्क पन्नास वर्षं चालतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतंच. तेव्हा कागदावर सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखव. कागद मराठीत किंवा कन्नडात मागायला लाजू नकोस. आणि एक ओळ त्यात असलीच पाहिजे : वाजवलेले तुकडे कापून दुसऱ्या गाण्यात वापरले तर वेगळे पैसे.

चौंडक्याचं जपून. ते सौंदत्तीच्या यल्लम्माचं वाद्य आहे, जोगत्यांच्या हातात ते देवीचं म्हणून असतं. वाजवणाऱ्याला विचार, तुम्हाला यायचंय का, आणि काय वाजवायचं नाही ते. दोन गाण्यांच्या मध्ये रंग भरायला म्हणून कुणी बोलवत असेल तर नको म्हण. त्यांच्या पदासकट, त्यांच्या मानधनासकट बोलवत असेल तर विचार करता येईल.

आता सपाट का वाटली ते. त्यांनी तुझ्या कानात क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, लावली असणार. आपली हलगी संथ सुरू होते आणि अंगात येत येत चढते, नाचणारा चढतो तशी. क्लिक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी उभी. तुला तिच्याशी बांधलं की टिपरूचं, म्हणजे जाड काठीचं, वजन जातं, काडीची बारीक कडकड तेवढी उरते. जाझवाल्यांना तर हे कळायला हवं, त्यांचे जुने रेकॉर्ड बिनक्लिकचेच आहेत, सगळे एका खोलीत बसून वाजवलेले. तेव्हा अट घाल : पहिला टेक माझ्या लयीत, बासवाला माझ्यासमोर बसून. नंतर कॉम्प्युटरवर तुमची क्लिक माझ्या वादनाप्रमाणे आखा. हे सहज होतं, फक्त इंजिनिअरला तासभर जास्त बसावं लागतं. होत नाही म्हणाले तर संपादकांकडून माझा नंबर घे आणि त्या इंजिनिअरला फोन लावून दे. मी बोलतो त्याच्याशी.