पाठमोरे बसलेले काका

‘ताई, मी २७ वर्षांची आहे, मुलुंडला राहते. दर रविवारी कुत्र्यांच्या एका शेल्टरमध्ये मदतीला जाते. तिथे काजू नावाचा चारेक वर्षांचा गावठी कुत्रा आहे. रिक्षाची धडक बसून पाय मोडला होता, म्हणून १४ महिन्यांपूर्वी त्याला आणलं. पाय बरा झाला, पण स्वभावाने फार बुजरा. माणूस दिसला की कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसतो. एरवी वाटी ठेवून माणूस गेला की खातो, माणसासमोर फक्त माझ्या हातून खातो. तो ज्या बिल्डिंगखाली राहायचा ती रिडेव्हलपमेंटला गेली. शेल्टरमधले काही जण म्हणतात, आता दुसरीकडे कुठेतरी सोडून द्या. एक काका दोनदा आले होते, साठी-पासष्टीचे, गिरगावात चाळीत एकटे राहतात. पण ते नुसते पिंजऱ्याबाहेर पाठ करून पेपर वाचत बसले आणि गेले. आता ठाण्याचं एक कुटुंब तयार आहे. मोठा फ्लॅट, पाच आणि आठ वर्षांची मुलं, सगळे खूप हौशी. “आम्ही त्याला प्रेमाने सुधारू” म्हणतात. हो म्हणू का? की मीच घरी आणू? आई आजारी असते आणि मी नोकरीमुळे १२ तास बाहेर असते. नाव छापू नका.’

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात ठाण्याच्या घरापाशी थांबले. दुसऱ्या वाचनात काकांपाशी थांबले आणि तिथून पुढे सरकताच येईना. तू त्यांना एका वाक्यात उरकलंस. त्यांच्याकडे येतेच, पण आधी रस्त्याचं बोलू.

कुठेतरी सोडून द्यायचा विचार मनातून काढून टाक. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. त्यामागे कारण आहे. कुत्र्याला आपली गल्ली पाठ असते. कोणत्या दुकानाखाली सावली, कोण पोळी टाकतं, कोण दगड मारतं, हे सगळं त्याला ठाऊक असतं. काजूची गल्ली आता पत्र्यांच्या आड गेली. दुसऱ्या गल्लीत सोडलंस तर तिथले कुत्रे त्याच्यावर तुटून पडतील, आणि हा उलटून भुंकणारासुद्धा नाही.

आता ठाणे. ती माणसं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांना दुसरा कुत्रा दाखव, एखादा शेपूट हलवत अंगावर येणारा. दोघांचं भलं होईल. पण ‘सुधारू’ हा शब्द मला टोचला. काजू बिघडलेला नाही, तो घाबरलेला आहे. पाच वर्षांचं मूल कुत्रा दिसला की मिठी मारायला धावणारच, त्यात त्याचा दोष नाही. आणि काजू काय करेल? जागच्या जागी थिजेल. घरचे म्हणतील, बघा किती शांत आहे, काही करत नाही. तेव्हा तो ओठ चाटत असेल, झोप आलेली नसताना जांभया देत असेल, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने बघत असेल आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल. ‘मला सोडा’ हे सांगायची कुत्र्यांची हीच पद्धत. ती कोणालाच कळली नाही की एक दिवस तो दात लावतो. मग तो शेल्टरला परत येतो, आणि या वेळी ‘चावणारा’ असा शिक्का घेऊन येतो. बुजऱ्या कुत्र्याला एकवेळ घर मिळतं, चावऱ्याला मिळत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडे चिंगी नावाची कुत्री आली तेव्हा पहिले नऊ दिवस कॉटखाली होती. तिसऱ्याच दिवशी मी चार माणसं तिला बघायला बोलावली. ती चूक माझी. गडबडीत कोणीतरी इस्त्रीवाल्याला दार उघडलं, सेफ्टी डोअर नुसतं लोटलेलं होतं, आणि चिंगी जिना उतरून गेली. दोन रात्री आम्ही हाका मारत फिरलो. हाक ऐकून ती आणखी लांब पळत असणार, हे नंतर लक्षात आलं. दुसऱ्या रात्री ती एका उभ्या टेम्पोखाली दिसली. मी दमून तिथेच फुटपाथवर बसले, तिच्याकडे पाठ करून, आणि पिशवीतलं उकडलेलं अंडं सोलायला लागले. बराच वेळ काहीच नाही. मग कोपराला ओलं नाक लागलं. मी वळले नाही. अर्धं अंडं मागे धरलं.

म्हणून म्हणते, त्या काकांना कुत्र्यांचं कळतं. माणूस समोरून आला, वाकला, डोळ्यांत बघत हात पुढे केला की बुजऱ्या जनावराला तो अंगावर आल्यासारखा वाटतो. पाठ करून बसलेल्या माणसाची भीती कमी वाटते. तुला वाटलं त्यांना रस नाही. अगं, रस नसलेला माणूस गिरगावातून दोनदा कशाला येईल?

त्यांना फोन कर. आधी कुत्रा होता का, विचार. खोली भाड्याची असेल तर मालकाची परवानगी कागदावर हवी. ते चार दिवस आजारी पडले तर काजूला कोण बघणार, हे संकोच न करता विचार. काजू आणखी आठ-दहा वर्षं जगेल, तोवर काका पंचाहत्तरीला येतील. पुतण्या, भाची, शेजारी, कोणीतरी एक माणूस आताच ठरलेला हवा आणि त्याने काजूला भेटलेलं हवं. शेजाऱ्यांनी कुरकुर केली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना त्यांच्याजवळ असू देत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. महापालिकेचं लायसन्स आणि दरवर्षीची रेबीजची लस हे त्यांना सांगावं लागणार नाही, तरी सांग. पावसाळ्याआधी लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, लससुद्धा.

चाळीची मात्र मला काळजी वाटते. गॅलरी सगळ्यांची, पोरं पळतात, दारं उघडी. गॅलरीतल्या प्रत्येक घराला एकच विनंती करायची: काजूकडे बघू नका, बोलावू नका, तो नाहीच असं समजा. फिरायला पहाटे, वर्दळीच्या आधी न्यायचं. पट्टे दोन हवेत, एक गळ्यातल्या कॉलरला आणि एक हार्नेसला. घाबरलेला कुत्रा मागे रेटा देऊन कॉलरमधून डोकं सहज काढून घेतो. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून.

आणि गणपती. गिरगाव म्हणजे चौपाटीची वाट, अनंत चतुर्दशीला तिथे ढोल-ताशा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. त्यामागून दिवाळी. आता श्रावण चालू आहे, म्हणून या सणांच्या दिवसांत त्याला हलवूच नकोस. तुळशीची लग्नं उरकली, फटाके थांबले की ने. तोवर काका दर रविवारी येऊ देत. पुढच्या वर्षीच्या आवाजाची तयारी त्यांना वर्षभर करता येईल: आतली मोरी, जाड पडदा, मोठ्याने लावलेला पंखा. जनावरांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवलं तर अशा रात्रींसाठी औषधही मिळतं. माणसांची गोळी मात्र मनाने द्यायची नाही. आणि तेव्हाही फार झालं, तर ते चार दिवस तू त्याला मुलुंडला आण.

चार दिवसच. कायमचा आणू नकोस. १२ तास बंद घर, आत आजारी आई, आणि रात्री दमून आलेली तू. त्यात तिघांचे हाल आहेत. काजूवर तुझा जीव आहे, पत्राच्या ओळीओळीत दिसतो. ‘फक्त माझ्या हातून खातो’ हे लिहिताना तुला बरं वाटलं असेल, आणि वाटायलाच हवं, कारण १४ महिन्यांची मेहनत आहे ती. पण आज तीच गोष्ट त्याच्या आड येते आहे. तू आजारी पडलीस तर त्याला माणूसच उरणार नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी हातून त्याला खाता आलं पाहिजे, आणि ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे, म्हणजे तू जवळ आहेस या धीरावर त्याला जमेल.

काका आले की नेहमीसारखे बसू देत. पहिल्या रविवारी तुकडा त्यांनी मागे, लांब टाकायचा, हातातून द्यायचा नाही. काजूने तोंड भिंतीकडून किती वळवलं ते तू बघ. फार घाबरलेला कुत्रा आवडीचं खाणंही तोंडात घेत नाही. म्हणून ज्या दिवशी काका बसलेले असताना तो खाईल, तो दिवस वहीत लिहून ठेव. त्यानंतर तुकडा दर वेळी वीतभर जवळ. घाई कोणीच करायची नाही, तूही नाही. काकांच्या बाबतीत माझा अंदाज चुकला, चार-पाच रविवारांत काहीच हललं नाही, तर दुसरं घर शोधू. तेव्हा ‘थोडा लाजरा आहे’ असं गुळमुळीत लिहू नकोस. ‘कित्येक महिने अंगाला हात लावू देणार नाही, दार वाजलं की कॉटखाली जाईल’ असं लिही. ते वाचूनही जो फोन करेल त्याच्याशी बोल.

या रविवारी चिकन उकडून नेशील ना, तेव्हा डबा काकांच्या शेजारी ठेव आणि तू जरा लांब जाऊन बस.