बार ज्याचा, माग त्याचा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. विस्कॉन्सिनमधल्या जूनो काउंटीतल्या तुझ्या सासरच्या शेतावर, शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच संध्याकाळी, मका कापलेल्या रानाच्या कडेला आलेल्या हरणाच्या मादीवर तू गोळी झाडलीस. ती उडी मारून दलदलीत शिरली. काळपट रक्ताचे थेंब दिसले. अंधार पडला म्हणून सगळे जेवायला परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाका, म्हणजे रान झोडून हरणे उठवायची शिकार, ठरलेला असल्यामुळे तिकडे कोणीच फिरकले नाही. नंतरच्या शनिवारी तू दुसरी मादी मारलीस, ती जागीच पडली, सासऱ्यांनी पाठ थोपटली, फोटो निघाला, आणि आता फ्रीझरमधल्या त्या मांसाला हात लावायची इच्छा होत नाही, असे तू लिहिले आहेस. शेवटी विचारले आहेस की पुढच्या वर्षी जाऊ की नको.

पुढच्या वर्षाचा निर्णय तू नंतर सावकाश घे. मला त्या पहिल्या मादीबद्दल बोलायचे आहे, कारण तुझ्या पत्रात तिच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या आहेत आणि बाकीची पाने तुझ्या मनःस्थितीला गेली आहेत. तुझी मनःस्थिती मी समजू शकतो. पण जनावर अजून दलदलीत आहे.

विस्कॉन्सिनमध्ये आल्यावर बायकोच्या माहेरच्या माणसांबरोबर मी रिचलंड काउंटीच्या टेकड्यांत हरणांच्या शिकारीला जाऊ लागलो, आणि इतक्या वर्षांत एकच गोष्ट धरून बसलो आहे. ज्याचा बार, त्याचा माग. चाप ओढणारा माणूस ते जनावर सापडेपर्यंत दुसऱ्या कशालाही बांधलेला नसतो, जेवणाला नाही, हाक्याला नाही, पाहुण्यांना नाही आणि सासऱ्यांनाही नाही. ह्या हट्टापायी मी घरात बरेच ऐकून घेतले आहे आणि अजूनही घेतो.

आता न्यायाने बोलतो. त्या संध्याकाळी तुला परत बोलावणारा तुझा मेहुणा चुकला नव्हता. गोळी फुफ्फुसाला लागली असेल तर रक्त गुलाबी आणि फेसाळ असते, आणि अर्ध्या तासाने माग काढायला हरकत नसते, कारण ते जनावर फार लांब गेलेले नसते. गोळी पोटात लागली असेल तर रक्त पातळ असते, त्यात हिरवट कण दिसतात, वास येतो, आणि तेव्हा आठ ते बारा तास थांबावे लागते. तुला दिसले तसे गडद, काळपट रक्त बहुतेक वेळा यकृताला लागल्याची खूण असते. असे हरीण थोडे अंतर जाऊन दाट जागी बसते, आणि त्याला कोणी उठवले नाही तर काही तासांत तिथेच मरते. लगेच मागे लागलास तर ते उठते, अर्धा मैल पळते, रक्त थांबते आणि माग तुटतो. म्हणजे किमान चार तास थांबणे भागच होते, आणि नोव्हेंबरच्या अखेरच्या थंडीत मांस रातोरात बिघडण्याची भीतीही कमी होती. कायोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे प्राणी, ते मात्र थांबत नाहीत. म्हणून रात्री दहा-अकराच्या सुमारास रायफल घरी ठेवून, बॅटरी घेऊन जायचे, किंवा फार तर फटफटायच्या आत तिथे पोहोचायचे.

घोटाळा झाला तो सकाळी. ती सकाळ त्या मादीची होती आणि तू ती हाक्याला देऊन टाकलीस. तू लिहितोस की मी नवा जावई, सगळे ठरलेले, मी एकटा वेगळे कसे म्हणू. हे वाचून मला राग आला, हे लपवत नाही. नवा जावई म्हणून तुला चाप ओढायला संकोच वाटला नाही, मग माग काढायला जातो एवढे एक वाक्य बोलायला संकोच का वाटावा? तुझ्या सासऱ्यांना मी ओळखत नाही, पण ह्या राज्यातल्या शेतकऱ्यांना ओळखतो. जो मुलगा हाका सोडून आपले जखमी जनावर शोधायला जातो, त्याच्याबद्दल त्यांचे मत वाईट होत नाही; दुपारपर्यंत त्यांच्यातला एखादा बूट घालून मागून येतो.

माग कसा काढतात हे तुला कोणी नीट दाखवले नसावे, म्हणून लिहितो. बार काढल्यावर लगेच मचाणावरून उतरायचे नाही. हरीण कुठे उभे होते, गोळी लागल्यावर त्याने पाठ कशी वाकवली, शेवटचे कुठल्या झाडाजवळ दिसले, हे आधी डोक्यात पक्के करायचे, कारण खाली उतरल्यावर तेच रान वेगळे दिसते. उभे होते त्या जागी केस आणि रक्त शोधायचे आणि तिथे नारिंगी फीत बांधायची. पुढे प्रत्येक थेंबाजवळ एक फीत, म्हणजे मागे वळून पाहिले की जनावराची दिशा दिसते. मागावरून चालायचे नाही, बाजूने चालायचे. सोबत एकच माणूस घ्यायचा, आणि त्याने शेवटच्या थेंबाजवळ उभे राहायचे. रक्त संपले की त्या थेंबाभोवती वाढत्या फेऱ्या घालायच्या, पानांच्या खालच्या बाजू पाहायच्या, गवताच्या काड्या गुडघ्याच्या उंचीवर पाहायच्या. पट्ट्याला बांधलेला माग काढणारा कुत्रा वापरायला इथला कायदा परवानगी देतो आणि अशी कुत्री पाळणारी माणसे बोलावल्यावर येतात. कुंपण लागले तर शेजाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय पलीकडे पाऊल टाकायचे नाही, जनावर डोळ्यांसमोर पडलेले असले तरीही. जखमी जनावर परत मिळवण्याचा वाजवी प्रयत्न कर, असे इथला नियमही सांगतो, पण वाजवी म्हणजे किती, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच ठरवायचे असते, आणि भूक लागलेल्या माणसाला फार लवकर वाजवी वाटू लागते.

ह्या हट्टाची मी काय किंमत दिली, तेही तुला कळू दे. माझ्या सासऱ्यांचा जो शेवटचा हंगाम ठरला, त्यात त्यांना चालवत नव्हते. मी रविवारी सकाळी त्यांना गाडीने टेकडीवरच्या त्यांच्या जुन्या जागेपर्यंत न्यावे आणि तासभर शेजारी बसावे, अशी त्यांची इच्छा होती. आदल्या संध्याकाळी मी एका नरावर बार काढला होता, रक्त गडद होते, आणि पहाटे मी माग काढायला निघून गेलो. ओढ्याकाठच्या आल्डरच्या दाट झुडपांत तो मला दुपारी सापडला. मागचा एक पाय कायोटींनी खाल्ला होता; उरलेले सगळे मी साफ करून आणले. परत आलो तेव्हा सासरे खुर्चीत झोपले होते. पुढच्या हंगामापर्यंत ते राहिले नाहीत. त्यांच्याशेजारी तो तास मी बसलो नाही, ह्याची हळहळ मला आहे आणि राहील. मेहुणीने ते मला तोंडावर ऐकवले आहे. तरीही तुला सांगतो, आज तीच सकाळ पुन्हा आली तर मी त्यांच्या पाया पडेन आणि झुडपांतच जाईन. आम्हाला कुटुंबात बसायला आणखी तास मिळतील असे मला वाटत होते, ते मिळाले नाहीत; पण त्या नराला मी स्वतःच्या हाताने गोळी घातली होती आणि त्याचे दुसरे कोणीही देणे लागत नव्हते. सासऱ्यांनीच मला बंदूक हातात धरायला शिकवले होते. त्यांना हे समजले असेल, असे मी धरून चालतो, आणि ते मला धरून चालू दे.

हाक्यात मी उभा राहत नाही, हेही ह्यातूनच आले. चार माणसे रान झोडत येतात, हरणे उधळून पळत सुटतात, आणि पळत्या हरणावर झाडलेली गोळी फुफ्फुसाला लागेलच असे म्हणण्याइतका चांगला नेमबाज आमच्या घरात कोणी नाही. मग जखमी जनावरे तीन दिशांना जातात आणि ज्याचा बार त्याचा माग म्हणावे तर कोणाचा बार हेच कळत नाही. माझा मेहुणा म्हणतो की मी कुटुंबापासून फटकून वागतो. मी झोडणाऱ्यांत चालतो, नारिंगी जाकीट घालून, बंदुकीविना, आणि संध्याकाळी सगळ्यांसाठी मटणाच्या मसाल्यात रस्सा करतो. त्याला फटकून वागणे म्हणत नाहीत.

आता दुसऱ्या मादीबद्दल. कायद्याने तुझे काहीच चुकले नाही. पहिली हाती न लागल्यामुळे तुझा परवाना शिल्लक होता. पण माझ्या हिशेबात तो परवाना पहिल्या संध्याकाळीच संपला होता, मादी सापडो किंवा न सापडो. पुढच्या वर्षी गेलास तर हा हिशेब ठेव. जे मांस फ्रीझरमध्ये आहे, त्याला मात्र हात लावावाच लागेल. तू लिहितोस की पोट फाडण्यापासून तुकडे करण्यापर्यंत सगळे मेहुण्याने केले आणि तू टॉर्च धरलास. मागाचा शेवट जनावर दिसल्यावर होत नाही. मूत्राशय न फोडता आतडी कशी काढायची, पडदा कापून श्वासनलिका कुठे तोडायची, पाठीच्या कण्यालगतच्या लांब पट्ट्यावरची चंदेरी साल कशी सोलायची, हे तुझ्या हातांना यायला हवे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करायची असते, तीही बहुधा मेहुण्यानेच केली असेल.

आणि तपासणी? डोके तपासणीला दिले होते का, ह्याचा तुझ्या पत्रात उल्लेख नाही. ह्या राज्यात हरणांना झिजवत मारणारा रोग, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज किंवा सीडब्ल्यूडी, २००२ मध्ये माउंट होरेबजवळ पहिल्यांदा सापडला. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, शिजवल्याने ते प्रथिन नष्ट होत नाही, आणि बाधित हरीण वरून धडधाकट दिसू शकते. डेन, आयोवा, सॉक, रिचलंड ह्या दक्षिणेकडच्या काउंट्यांत त्याचे प्रमाण फार आहे, पण तो तेवढ्यापुरता राहिलेला नाही. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये, असेच आरोग्य खाते सांगते. मानेतल्या लसिका ग्रंथींची तपासणी होते आणि निकाल येईपर्यंत मी पाकिटांवर जनावराची खूण लिहून ती वेगळी ठेवतो, कोणालाही देत नाही. नाताळला मेहुणीने मांस मागितले आणि मी निकाल आला नाही म्हणून नाही म्हणालो, तेव्हा ती दुखावली. दुखावू दे. माझ्या बाराचे मांस तिच्या मुलांच्या ताटात जाते, तर तिथपर्यंतचा माग माझाच आहे.

आईला काय सांगू, असेही तू विचारतोस. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरीण मारणे हा गुन्हा आहे, तिथे ह्यापायी माणसे तुरुंगात जातात, आणि आईने तो फोटो पाहून फोन ठेवून दिला, ह्यात तिचे काहीच चुकत नाही. तू तिला हरणांच्या संख्येचे गणित सांगितलेस. ते गणित खरे आहे. इथले लांडगे १९६० च्या सुमारास संपले होते, नंतर परतले तरी दक्षिणेत नाहीत. हरणे वाढली की हेमलॉक आणि सीडर ह्या झाडांची रोपे वर येत नाहीत. वन्यजीव अभ्यासक आल्डो लिओपोल्ड ह्यांनी ह्याच राज्यात माद्या मारायला परवानगी द्यावी म्हणून आग्रह धरला आणि १९४३ च्या त्या हंगामानंतर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पण तू जंगलातली रोपे वाचवायला मचाणावर चढला नव्हतास. तू सासऱ्यांनी बोलावले म्हणून गेलास, त्यांच्यात सामावून जायचे होते म्हणून गेलास, आणि मादी समोर आल्यावर तुला तो बार काढावासा वाटला. हे आईला सांग. तिला ते आवडणार नाही. पण मुलगा खरे बोलतो आहे, हे तिला फोनवरही कळते. गणित सांगताना तुझा आवाज कसा होतो, हेही तिला ठाऊक आहे.

तुला कठोर वाटत असेल. तू मला आवडतोस, आणि तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्या मांसाचे सॉसेज करून मोकळा झाला असता. तुला घास उतरत नाही, म्हणूनच मी एवढे लिहीत बसलो आहे. फक्त न उतरणाऱ्या घासाला पश्चात्ताप समजून घरात बसू नकोस.

येत्या रविवारी मी येतो. इतक्या दिवसांनी मांस हाती लागणार नाही, पण डोमकावळे कुठे उतरतात ते पाहून जागा सापडते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, नारिंगी फितीचे भेंडोळे आणि नकाशा आण. मझल-लोडरचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या बंदुकीचा, हंगाम चालू आहे, त्यामुळे अंगात नारिंगी जाकीट आणि डोक्यावर नारिंगी टोपी हवी. दलदलीच्या पूर्वेची जमीन शेजाऱ्याची आहे, असे तू लिहिले आहेस. परवानगीचा फोन शनिवारच्या आत कर, आणि तो तू स्वतः कर, सासऱ्यांना करायला लावू नकोस. फ्रीझरमधल्या पाकिटांवर हरणाची खूण लिहिली आहे का ते पाहून ठेव, आणि डोके तपासणीला गेले नसेल तर ते मांस कोणालाही वाटू नकोस.

तुझा,
काका