"आमच्यासमोरच घेऊ दे की, निदान चोरून तरी नको"

पंधरा वर्षांच्या मुलाचे आईवडील भेटायला आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मित्राच्या वाढदिवसाहून मुलगा दारू पिऊन झोकांड्या खात घरी आला होता. आईच्या मते मोबाइल काढून घ्यावा, बाहेर जाणं बंद करावं. वडील म्हणाले, "मॅडम, आजकाल सगळीच घेतात. माझ्यासमोर घोटभर घेतली तर काय बिघडलं?"

हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात, आणि तो काळजीपोटीच असतो. तरीही माझं उत्तर ठाम आहे: देऊ नका. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. घरातून दारू मिळालेली मुलं त्यामुळे सुरक्षित राहिली, असं त्यात दिसलं नाही. उलट पुढच्या वर्षी बाहेरूनही दारू मिळवण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. शिवाय मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. सुरुवात जितकी लांबेल तितकं बरं.

नंतर मी मुलाशी एकट्याशी बोलले. "नको म्हणणार होतो, पण सगळे बघत होते," तो म्हणाला. "घरी फोन करावासा वाटला, पण बाबा ओरडले असते. मग मित्राच्या गाडीवर मागे बसून आलो. तोही प्यायला होता."

त्या रात्रीतला सगळ्यात मोठा धोका हा होता, आणि आईवडिलांना त्याचा पत्ताच नव्हता. मुलाच्या संमतीने मी तो त्यांच्यापुढे मांडला. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग चौघांनी बसून ठरवलं. दारू, सिगारेट, व्हेप (ई-सिगारेट), नशेच्या गोळ्या, काहीही चालणार नाही. हा नियम त्याला कारणांसकट सांगितला. पण कुठे अडकला तर त्याने एक ठरलेला शब्द मेसेज करायचा. आई किंवा बाबा मध्यरात्रीही आणायला जातील आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाहीत. बोलणं दुसऱ्या दिवशी, आणि जी समज किंवा शिक्षा द्यायची तीही तेव्हाच. मित्रांपुढे टिकेल असं वाक्य मुलानेच शोधलं: "उद्या मॅच आहे, मी नाही घेत." पालकांनी लिहून दिलेली वाक्यं मुलांच्या तोंडी बसत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

वडिलांशी मात्र वेगळं बोलावं लागलं. कामावरून आल्यावर "आज डोकं फिरलंय, एक पेग लागेल" असं ते सहज म्हणत. ताण आला की दारू, हा धडा मुलगा घरात कित्येक वर्षं ऐकत होता. त्यांनी ते मनावर घेतलं, बाटल्या कुलपात ठेवल्या आणि रात्री मुलाबरोबर फिरायला जाऊ लागले. जी गोष्ट समोरासमोर बसून निघत नाही ती चालता चालता निघते.

आईने विचारलं, "त्याची बॅग गुपचूप तपासू का?" शंकेला ठोस कारण नसेल तर नको. पकडलं गेलं की मूल लपवायला अधिक शिकतं. पण झोप, भूक, मित्र आणि अभ्यास एकदम बदलले, पैसे गायब होऊ लागले, मूल चिडचिडं किंवा सुन्न राहू लागलं, तर नुसत्या गप्पांवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि नशेत मूल हाक मारूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. "झोपू दे, सकाळी उतरेल" असं म्हणून वाट पाहू नका.